गिरधरनानांचं हिमयुग

भर मे महिन्यात जळगावच्या रस्त्यावरून लोकरी स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे घालून चाललेला माणूस पाहिला, की परगावचा पाहुणा रिक्षा थांबवून वळून बघे. त्याच्या पिंप्राळ्याच्या वस्तीतलं कोणी बघत नसे. ते एवढंच म्हणत, की नाना कामाला निघाले.

गिरधरनाना रतिलालशेठच्या बर्फाच्या कारखान्यात होते. काम सांगायला सोपं होतं. टाकीतून निघालेल्या लाद्या लोखंडी आकड्याने ओढत बर्फाच्या खोलीत न्यायच्या, एकीवर एक रचायच्या, आणि गिऱ्हाईक आलं की त्याच लाद्या पुन्हा बाहेर काढायच्या. दाराच्या आत हिमालय आणि दाराबाहेर जळगाव. दिवसभर या दोन मुलखांत ये-जा करून नानांच्या शरीराला घाम गाळावा की कुडकुडावं हे कळेनासं झालं होतं. ते बिचारं दोन्ही करी.

लोकांना मात्र नानांचा हेवा वाटे. त्यांच्या बायकोचा, सुनंदाबाईंचा, भाऊ दर उन्हाळ्यात धुळ्याहून येई, पंख्याखाली पाय पसरे आणि म्हणे, "दाजी, मजा आहे बुवा तुमची." नाना गुडघ्याला तेल चोळत हसत. हसायला गुडघा लागत नाही, तेवढं एक बरं होतं.

शेजारी बन्सीलाल गुरुजी राहत. त्यांनी कुठल्याशा मासिकात हिमयुगावरचा लेख वाचला आणि तो त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. संध्याकाळी ते नानांच्या ओट्यावर आले. मुलखांच्या मुलखांवर डोंगराएवढा बर्फ कसा चढला होता, त्यातून माणूस कसा वाचला, आणि हजारो वर्षांनी का होईना, पण ते पुन्हा कसं येणार आहे, हे सगळं त्यांनी अंगावर शहारे आणून सांगितलं. शहारे त्यांच्याच अंगावर आले. नानांचे कधीच संपले होते.

"त्या वेळी तुमच्यासारखीच माणसं तगतील, नाना," गुरुजी म्हणाले.

"माझं एकदा होऊन गेलंय, गुरुजी. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

गुरुजी ऐकणारे नव्हते. हिमयुगात कातडं पाहिजे, तर नानांचा स्वेटर होता आणि त्यावर गोणपाट. गुहा पाहिजे, तर ती खोली होतीच. विस्तव पाहिजे, तर नानांची बिडी होती. मग गुरुजी जरा अडखळले. म्हणाले, एक टोळी तेवढी राहिली. एक जण विस्तव राखायचा, दुसरा बाहेर जायचा, पाळीपाळीने. एकटा माणूस काही तगला नसता.

"टोळी आहे की," सुनंदाबाई आतून म्हणाल्या. "मी आहे. डबा भरायला."

नानांना टोळी नको होती, सुटका हवी होती. गुडघे गेले होते आणि उजव्या हाताची बोटं धड मिटत नव्हती, धड उघडतही नव्हती. शेठ काही वाईट माणूस नव्हता. त्याचं एकच म्हणणं होतं, की आपल्या जागी टिकणारा माणूस आणून द्या आणि खुशाल घरी बसा.

इथेच नाना चुकत होते, आणि ही चूक जळगावच्याच माणसाला शोभणारी होती. ते माणूस उन्हाळ्यात शोधत. तेव्हा उमेदवारांना तोटा नसे. शहर भाजून निघत असताना बर्फाच्या खोलीतली नोकरी कुणाला नको? एक जण मुद्दाम सदरा घरी ठेवून नुसत्या बनियनवर आला. एकाने बायकोला सोबत आणलं, आपली जागा दाखवायला. एकाच्या पिशवीत तर उशी निघाली. सकाळी सगळे आनंदाने आत शिरत. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, की त्यातला एकही परत येत नसे. असे कित्येक उन्हाळे गेले. शेठ म्हणे, "तुमच्यासारखं कोणी नाही, नाना." ते ऐकून नानांना थोडं बरं वाटे, आणि त्या बरं वाटण्याचाच त्यांना जास्त शीण येई.

मग त्या साली थंडी पडली. केळीच्या बागा करपल्या, पानं काळी पडून खाली लोंबली. जानेवारीत एका सकाळी शिरपूरकडचा पुना नावाचा गडी कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. तो ज्या बागेत कामाला होता ती बाग थंडीने बसली होती. डोक्यापासून पायापर्यंत घोंगडी पांघरलेली. नानांनी त्याला खोली दाखवली. त्याने आत डोकावून पाहिलं, पण गारव्याचं कौतुक केलं नाही.

"शेगडी कोठे शे, नाना?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. नानांनी सांगितलं, शेगडी नाही. मग दुसरा गडी कुठे आहे, असं पुनाने विचारलं. नाना म्हणाले, तोही नाही. पुनाने मान हलवली. केळीत थंडीच्या रात्री बांधाला धूर करावा लागतो, त्याने सांगितलं. एक जण विस्तवाशी, एक जण पाण्याशी, आणि घडीघडीला अदलाबदल. पाण्याशी एकच जण राहिला तर सकाळी त्यालाच उचलून आणावं लागतं.

"हाई एकला माणूसनं काम नही शे," तो म्हणाला, आणि फाटकाबाहेर गाठोडं घेऊन उभ्या असलेल्या आपल्या भावाला, आधारला, त्याने हाक मारली.

शेठ आला. एका जागेवर दोन माणसं आणि वर शेगडी, हे काही त्याच्या पचनी पडेना. नानांच्या खांद्यावर हात ठेवून तो पुनाला म्हणाला, "हे बघ, हा माणूस. वीस वर्षं एकट्याने केलं. कधी तोंडातून शब्द काढला नाही."

पुनाने नानांकडे पाहिलं आणि खाली ठेवलेलं गाठोडं उचलायची आधारला खूण केली.

नानांच्या लक्षात आलं, की वाट दुसऱ्या कोणी अडवलेली नाही. त्यांचीच वीस वर्षं लादीसारखी दारात आडवी पडली होती. आता गप्प राहिलं तर हे दोघे जाणार, मग पुन्हा मे महिना, पुन्हा उशीवाले उमेदवार, आणि आपण आहोत इथेच. त्यांनी कानटोपी काढली. उजवा हात पुढे केला. बोटं अर्धवट वळून थांबली होती, हातात आकडा नसतानाही आकडा धरल्यासारखी.

"एकट्याने झालं नाही, शेठ. झालं असं दिसलं," नाना म्हणाले. "दोघांना ठेवा. उद्यापासून मी येणार नाही."

शेठने त्या हाताकडे पाहिलं. तो हात त्याने रोजच पाहिला होता, पण आकड्यासकट. मग तो म्हणाला, "कोळसे कोण आणणार?"

म्हणजे शेगडी मंजूर झाली होती.

नाना तीन दिवस त्या दोघांना लाद्या रचायला शिकवायला गेलेच. येणार नाही म्हटल्यावरही न जाणं त्यांना जमलं नाही. तिसऱ्या दिवशी खोलीबाहेर पेटलेल्या शेगडीशी आधार हात शेकत होता, आत पुना होता, आणि थोड्या वेळाने आत आधार होता आणि शेगडीशी पुना. नाना ते बघत उभे राहिले. एवढीशीच तर गोष्ट होती. त्यांना रागही आला नाही, नुसतं बसावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बन्सीलाल गुरुजी नवा अंक घेऊन ओट्याशी आले. पुढच्या हिमयुगाबद्दल त्यात आणखी काही छापून आलं होतं आणि नानांचं मत घेणं जरुरीचं होतं. नाना उन्हात घोंगडीवर आडवे झाले होते, कानटोपी डोळ्यांवर ओढून.

सुनंदाबाईंनी तोंडावर बोट ठेवलं.

"झोपलेत, गुरुजी. हिमयुग आलं तरी उठवू नको, असं सांगून झोपलेत."