चव हमदीची, पळी बय्यूमीची

माझा भाऊ बय्यूमी इजिप्तमधल्या दमनहूर गावी रेल्वेपुलाखालच्या गल्लीत एकतीस वर्षं मदम्मस विकतो आहे. वालासारखे बाकल्याचे दाणे रात्रभर मंद आचेवर शिजू द्यायचे, पहाटे हंडा गाडीवर चढवायचा आणि गल्ली जागी व्हायच्या आत जवसाचं तेल, जिरं, लिंबू मांडून उभं राहायचं. हंड्याचा गळा अगदी अरुंद. त्यातून लांब दांड्याची पळी आत सोडायची आणि आत न बघता, दाणा न मोडता बरोबर एक वाटी वर काढायची. यात त्याचा हात धरणारा आमच्या गावात कोणी नाही. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून मी त्याला जन्मभर शिव्याच घातल्या आहेत.

मी मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं कवायत शिकवली. निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यातच आहे आणि राग नाकावरच. अख्खी गल्ली मला मिस वहीबा म्हणते. बय्यूमी माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण तोही मिसच म्हणतो, आणि चिडवायला म्हणतो.

त्याचं दुखणं नाकापासून सुरू झालं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. एका सकाळी हंडा तळाला लागला. करपट वास माझ्या तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. मी धावत खाली गेले, तर हा गाडीला टेकून निवांत लिंबं कापत होता.

"अरे, नाक गहाण ठेवलंस का? करपलंय सगळं!"

"काय करपलंय?" त्याने विचारलं, आणि तो थट्टा करत नव्हता.

दोन वर्षांनी उजवा हात थरथरू लागला. मग पावलं आखूड झाली, आवाज बसला, आणि रात्री झोपेत तो बायकोला लाथा मारू लागला. त्याची बायको इनसाफ म्हणायची, "जागेपणी तीस वर्षं कधी बोट लावलं नाही या माणसाने, आता झोपेत फुटबॉल खेळतो." सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर नरमीन यांनी तपासून रोगाचं नाव सांगितलं, पार्किन्सन. नाव एका इंग्रजाचं आहे हे कळल्यावर बय्यूमी म्हणाला, "इंग्रजांना देशातून जाऊन सत्तर वर्षं झाली ना? मग हा एकटा माझ्याच घरी कसा राहिला?" डॉक्टर हसल्या. मी हसले नाही.

थरथर सुरू झाल्यापासूनच्या तिसऱ्या हिवाळ्यात पळी हंड्याच्या गळ्याला अडकली आणि गरम मदम्मस एका मास्तरांच्या बाहीवर सांडलं. मास्तरांनी बाही झटकली. रांगेतल्या सगळ्यांनी नजर दुसरीकडे वळवली, आणि तेच वाईट होतं. बय्यूमीचा मुलगा हमदी शेजारी रोट्या मोजत होता. त्याने हात पुढे करून बापाच्या हातातली पळी काढून घेतली. "बाबा, तुम्ही बसा."

आमच्याकडे या धंद्यात उस्ताच्या, म्हणजे मुख्य कारागिराच्या, हातातून पळी कुणी घेत नाही. उस्ता देतो, तेव्हाच ती दुसऱ्याची होते. हमदीने वाईट मनाने केलं नाही, भाजलेल्या मास्तरांकडे बघून केलं. पण बय्यूमीने ॲप्रन सोडला, घडी करून गाडीवर ठेवला आणि तो घरी गेला. पुढचे चार महिने तो भिंतीकडे तोंड करून बसला. मला तेव्हाच दिसत होतं: एक तर पळी त्याच्या हातात परत जाईल, नाही तर माझा भाऊ घरातल्या कपाटासारखा एक सामान होऊन राहील.

त्याच्याकडे एकच काम उरलं होतं. हंडा त्याच्याच अंगणात शिजायचा, म्हणून हमदी पहाटे त्याच्यापुढे चमचा धरायचा आणि बय्यूमी चव बघायचा. तो "हां" म्हणाला की हंडा निघायचा.

इकडे गोळ्यांचा काही मेळ लागेना. एखाद्या दिवशी अंग असं वळवळायचं की खुर्चीत ठरायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी पाय चिकटून दगडासारखा उभा. डॉक्टरांनी गोळ्यांचं प्रमाण तीनदा बदललं. दर वेळी त्यांनी विचारलं, "गोळी रिकाम्या पोटी घेता ना, उस्ता?" आणि दर वेळी त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "वल्लाही, पोटात घोटभर पाण्याशिवाय काही नसतं."

मला वाटलं, बसून बसून याचं हे झालंय. याला कवायतच पाहिजे. म्हणून एका पहाटे शिट्टी घेऊन मी त्याच्या अंगणात हजर झाले. त्याने नुकतीच गोळी गिळली होती. हमदीने चमचा पुढे केला. बय्यूमीने खाल्लं, डोळे मिटले, मान हलवली. "अजून एक." पुन्हा खाल्लं. "तळातला दे." मी मोजत गेले. अकरा चमचे झाले.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"चव बघतोय."

"आणि डॉक्टरांना सांगतोस रिकामं पोट?"

"मिस, चव बघणं म्हणजे काय खाणं असतं? तू वर्गात शिट्टी फुंकायचीस, त्याला गाणं म्हणायचे का लोक?"

त्याला खरोखर वाटत होतं की तो खोटं बोलत नाही. तीन पिढ्या आमच्या घरात उस्ता पहाटे चव बघतो आणि जेवतो मात्र दुपारी. चव बघणं हे काम, खाणं नव्हे. हमदीलाही ते खाणं वाटलं नव्हतं, इनसाफलाही नाही. मग मी जरा हळू आवाजात म्हटलं, "पूर्वी तर एका चमच्यात भागायचं तुझं."

त्याने खाली बघितलं. "पूर्वी कळायचं," तो म्हणाला. "आता वासच येत नाही, तर चव कुठून येणार? खात राहतो, म्हटलं, कधीतरी कळेल."

त्या दिवशी मला त्याची जितकी दया आली तितकी आमचे वडील गेले तेव्हाही आली नव्हती. पण दया करत बसणं मला जमत नाही. मी त्याला तसाच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर नरमीन यांनी सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "अकरा चमचे? रोज? आणि मी गोळ्या बदलतेय!" मग त्यांनी त्याला लहान मुलाला सांगावं तसं नाही, उस्ताला सांगावं तसं समजावलं. बाकल्यात त्याच्या गोळीतलंच औषध थोडंफार असतं, कधी जास्त, कधी नावाला. शिवाय त्यातली प्रथिनं गोळीची वाट अडवतात. म्हणजे कधी औषध जास्त झालं, कधी पोचलंच नाही. "मदम्मस सोडू नका. दुपारी खा, गोळीपासून लांब. पण पहाटेची चव बंद."

"मग माझ्याकडे राहिलं काय?" बय्यूमीने विचारलं. त्याचा आवाज इतका बारीक होता की डॉक्टरांना पुढे झुकावं लागलं.

"बरंच राहिलंय," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी तिचं काम करेल, पण सगळं नाही करणार. चालायला हवं, ओरडायला हवं, पोट साफ हवं, झोप हवी, माणसांत बसायला हवं. हे गोळीत भरून देता येत नाही."

"ते माझ्यावर सोडा," मी म्हटलं.

"अल्ला वाचवो," बय्यूमी म्हणाला.

मी त्याच्या दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत खडूने आडव्या रेघा मारल्या, एकेक लांब ढांगेच्या अंतरावर. पाय चिकटला की रेघ ओलांडायची. उंबऱ्यावर रेघ होती, म्हणून उंबराही ओलांडता येऊ लागला. इनसाफ खिडकीत बसून खलबत्त्यात लसूण कुटायची, आणि त्या ठोक्यावर तो चालायचा. ती थांबली की तोही थांबायचा. "बाई, कुट," तो ओरडायचा, "मी रस्त्याच्या मधोमध आहे!" त्या वसंतात त्यांच्या घरी प्रत्येक भाजीत लसूण होता, आणि गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा रेघा ओलांडत ढांगा टाकू लागली होती.

आवाजासाठी मी त्याला कालव्यापलीकडे उभं करायचे आणि मी अलीकडे. त्याने त्याची गाडीवरची आरोळी द्यायची: "मलईसारखं मदम्मस! दात नसतील तेही या!" मी म्हणायचे, "ऐकू आलं नाही. परत." दिवसाला तीस वेळा. एकदा तर चिडून त्याने मला जी शिवी दिली, ती मात्र स्वच्छ ऐकू आली. मी टाळ्या वाजवल्या.

कॉफीखान्यात जायला तो तयार नव्हता, कारण चहाचा पेला हिंदकळायचा. मी त्याचा मित्र शिहाता याच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या पाचही जणांनी अर्धाच पेला मागवला. शिहाता डोमिनोच्या सोंगट्या बय्यूमीच्या उजव्या हाताखाली सरकवून म्हणाला, "उस्ता, तू ढवळ. आम्हाला कष्ट पडतात, तुझ्या हाताला सवय आहे." बय्यूमी इतका हसला की त्याला ठसका लागला. तो घरी आला आणि त्या रात्री शांत झोपला, असं इनसाफने मला मुद्दाम येऊन सांगितलं.

गोळी वेळेवर लागू पडायला लागली तसे त्याचे चांगले तास ठरले. रोग गेला नाही, जाणारही नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आम्ही ऐकलं होतं. पण सकाळी साडेआठ ते साडेदहा हात त्याचं ऐकत होता. रिकामा असला की थरथरायचा, काहीतरी धरलं की पुष्कळ शांत व्हायचा.

मग एक पहाट आली, ती मी अंगणात उभी राहून बघितली. हमदीने सवयीने चमचा बापापुढे धरला. बय्यूमीने तो हळूच उलटा फिरवून मुलाच्या तोंडाकडे नेला. हमदी गोंधळला. त्याने चाखलं, विचार केला.

"जिरं कमी आहे, बाबा?"

"मला काय विचारतोस? जीभ तुझी."

"कमी आहे," हमदी म्हणाला.

"मग घाल."

तीन पिढ्यांची चव त्याने तशी दोन शब्दांत देऊन टाकली. हमदीने जिरं घातलं, हात पुसले, आत गेला आणि पळी घेऊन आला. दोन्ही हातांवर आडवी धरून त्याने ती बापापुढे केली. "मी घेतली होती," तो म्हणाला, "तुम्ही दिली नव्हती." बय्यूमीने पळी घेतली आणि मुलाच्या डोक्याचं चुंबन घेतलं. मी शिट्टी तोंडात धरली, नाहीतर रडू फुटलं असतं.

त्या सकाळी मी मुद्दाम उशिरा, साडेआठनंतर निघाले. खरं सांगते, भीती वाटत होती. पुन्हा कुणाच्या बाहीवर सांडलं तर तो परत उभा राहणार नाही, हे मला ठाऊक होतं. जिन्यावर असतानाच आरोळी ऐकू आली. "मलईसारखं मदम्मस! दात नसतील तेही या!" पुलावरून मालगाडी चालली होती, तरी ऐकू आली.

गाडीपाशी गेले. कोपर बरगडीला दाबून, पाय फाकवून तो उभा होता. पळी आत गेली, वर आली. एक वाटी. दोन-चार दाणे काठावर सांडले. समोर तेच मास्तर होते. बय्यूमी थांबला. मास्तरांनी ते दाणे बोटाने टिपून तोंडात टाकले आणि वाटी पुढे केली. "अजून अर्धी."

मी आजवर या गाडीच्या रांगेत कधी उभी राहिले नव्हते. उस्ताची थोरली बहीण आहे, गाडीच्या मागच्या बाजूने वाटी सरकवते. तशीच सरकवली.

"मिस!" तो गरजला. अख्ख्या गल्लीने वळून बघितलं. "रांगेत!"

चौतीस वर्षांत हजारो मुलींना मी हा शब्द ऐकवला होता, मला कुणी ऐकवला नव्हता. मी त्याच्याकडे बघितलं. तोही बघत होता, भुवया वर करून, पळी हातात.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "परत."

"रांगेत!" त्याने असा आवाज लावला की वरच्या गॅलरीतली कबुतरं उडाली.

माझ्यापुढे नऊ जण होते. मी शेवटी जाऊन उभी राहिले, वाटी दोन्ही हातांत धरून. इतक्या अभिमानाने मी कुठल्याच रांगेत उभी राहिले नव्हते.