गुंडाळून ठेवलेली तार

आर्डिथ हॉगन चिडली की तिचा आवाज चढत नसे, उलट खाली यायचा. त्या हिवाळ्यात ॲरिझोनातल्या आमच्या मोटरहोमवाल्यांच्या तळावर तो खालचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

ती आणि तिचा नवरा डेलबर्ट मिनेसोटातलं घर विकून मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला लागले होते. मागे दांड्याने जोडलेली त्यांची छोटी हिरवी गाडी. अशा गाडीला एक बारीक तार असते. एक टोक मोटरहोमला, दुसरं गाडीच्या पुढच्या खुंटीला. दांडा निसटला तर तार खुंटी उपटते आणि गाडीचे ब्रेक आपोआप लागतात. एकदा पेट्रोल पंपावर वळताना तार ताणली, ब्रेक लागले आणि लोक हसले. तेव्हापासून डेलबर्टने ती गुंडाळून चिकटपट्टीने गाडीच्या बंपरला बांधून टाकली होती. बायकोला न सांगता.

घाट उतरताना दांड्याची खीळ निसटली.

"डेलबर्ट, ती आपली गाडी ना?" आर्डिथने खिडकीतून विचारलं. रिकामी गाडी त्यांना मागे टाकून चालली होती. वळणावर ती रस्ता सोडून मध विकणाऱ्या नेटीच्या टेबलावर आदळली. नेटी बरण्या आणायला व्हॅनकडे गेली होती, म्हणून वाचली.

"ब्रेकच ऐन वेळी बिघडले हो," डेलबर्टने नेटीला सांगितलं. "पण कुणाला लागलं नाही, हे काय कमी आहे?"

आर्डिथ वाकली आणि तिला बंपरवरची पट्टी दिसली.

"हे कुणी बांधलं?"

"अगं, उगाच त्रास देत होती ती."

"तार त्रास देत होती. आणि ही बाई खुर्चीत असती तर?"

चेपलेली गाडी ती स्वतः चालवत तळावर आली, आणि पुढेही मोटरहोममध्ये बसायला तयार होईना. मुक्काम हलला की डेलबर्ट पुढे, ही मागून गाडीत. संध्याकाळी शेकोटीपाशी शेजारच्या वेंडेलने तिला टोकलं, "किती छळशील बिचाऱ्याला? निम्मे लोक ती तार लावत नाहीत."

"मग उद्या उताराखाली खुर्ची टाकून बस, वेंडेल. मी वरून तुझी गाडी सोडते."

सगळे हसले. ती नाही.

शेवटी डेलबर्टने तार जोडली, तीही दांड्यालाच. "दांडाच निघाला तर तार त्याच्याबरोबर जाईल, शहाण्या! मोटरहोमच्या सांगाड्याला लाव." मग तिने स्वतः खुंटी उपटली आणि दोघा पुरुषांना गाडी ढकलायला लावली. गाडी तसूभर हलली नाही.

"आता नेटीला खरं सांगून ये."

तो गेला. नेटीने सगळं ऐकून घेतलं आणि व्हॅनचं दार लावलं. तो पडलेल्या चेहऱ्याने परतला.

"बरोबर केलं तिने," आर्डिथ म्हणाली, आणि त्याला जेवायला वाढलं.