गोळी पुरत नाही

शंकर गेला, हे मला दुकानाच्या काउंटरवर कळलं. त्याचा धाकटा भाऊ आला, म्हणाला, "दादा गेला. दुपारी जेवून उठला, छातीत कळ आली…" मी तसंच शटर ओढलं. त्याला महिना झाला. पण एका जागी बसवत नाही. हे लिहायलाही चारदा बसलो आणि चारदा उठलो.

आमची मैत्री शाळेपासूनची. मी शहराच्या महाल भागात औषधांचं दुकान टाकलं, तो कचेरीत कारकून झाला. त्याला लहानपणापासून मिरगी. रोज सकाळी एक गोळी, ती माझ्याच दुकानातली. सन सत्तरच्या सुमारास त्याला लांब पल्ल्याच्या शर्यतींचं वेड लागलं. रोज कामठी रोडनं दहा-बारा मैल पळायचा. आणि कित्येक वर्षं थांबलेले झटके परत सुरू झाले, तेही संध्याकाळी.

"गोळी पुरत नाही गा," तो म्हणाला. "पळणं वाढलं तशी लवकर जिरून राहिली."

"गोळी काय भाकर आहे जिरायले?" मी हसलो. "तू गोळ्या चुकवून राहिला, अन् खापर पळण्यावर फोडून राहिला."

औषधातलं मलाच कळतं, ही माझी घमेंड. मी फर्मान काढलं: गोळी माझ्यासमोर घ्यायची आणि जीभ उचलून दाखवायची. तो यायचा. घामानं निथळत, गिऱ्हाइकांदेखत, तिशी उलटलेला तो बाप्या तोंड उघडून उभा राहायचा… मी वाकून पाहायचो. एकदा एक गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. मीही हसलो.

दोन-तीन महिन्यांत झटके थांबले. मग काय विचारता! शिस्त लावली की रोग पळतो, हे मी येईल त्याला शंकरकडे बोट दाखवून सांगू लागलो. जीभ पाहणं मी मोठ्या मनानं बंद केलं. टोमणे मात्र चालूच ठेवले. तो ऐकून घ्यायचा. मला वाटायचं, चूक पटली गड्याला.

तेरावं झाल्यावर वहिनींना भेटायला गेलो. उरलेली औषधं कुणाच्या कामी येतील म्हणून त्यांनी पिशवी माझ्यापुढे ठेवली. आत माझ्या दुकानाची बाटली होती. आणि दुसरी, शहराच्या दुसऱ्या भागातल्या, बर्डीवरच्या दुकानाची. गोळी तीच.

"ती संध्याकाळची," वहिनी म्हणाल्या. "तिकडच्या डाक्टरनं त्याइले पळण्याची अन् झटक्याइची वही ठेवायले लावली होती, भाऊजी. वही पाहून म्हणे, कोणाकोणाचं अंग एवढ्या मेहनतीनं औषध लवकर संपवते. तवापासून दोनदा घेत होते, अन् तवाच झटके थांबले."

"मग माझ्याकडून काहून नाही नेली?"

वहिनी पदराशी चाळा करत राहिल्या. "मीबी तेच विचारलं. म्हणे, तिथं तोंड उघडून दाखवा लागते."

इतकी वर्षं हा माणूस बर्डीवर जाऊन गोळी आणत होता, आणि महालात येऊन माझ्या बढाया ऐकत होता. ती बाटली आता माझ्या काउंटरवर आहे. गिऱ्हाईक नसलं की झाकण उघडतो, लावतो, पुन्हा उघडतो. शंकर, चुकलं गा माझं… हे त्याच्या तोंडावर म्हणायला मला दहा वर्षं मिळाली होती.