साळवे बाई आणि माझं लाल पेन

माझ्या लाल पेनामुळे एका मुलीची शाळा सुटणार होती.

ते मला निस्तरायला लावणाऱ्या साळवे बाई आज सकाळी गेल्या.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. रहाटणीतली शाळा, माझं नोकरीचं पहिलंच वर्ष, सातवीचा वर्ग. बाई शेजारच्या वर्गावर. परीक्षा संपली की मुलांकडून एक पान लिहून घ्यायचं, ही पद्धत त्यांचीच. विषय ठरलेला. हे वर्ष मला कसं गेलं?

"वाच. पण तपासू नकोस," त्यांनी बजावलं होतं.

मी तपासलं. कागद दिसला की हात शिवशिवायचेच माझे. दहापैकी मार्क देऊन निकालासोबत पानं वाटूनसुद्धा टाकली.

शीतलच्या पानावर एकच ओळ होती. 'मी रोज शाळेत आले.'

मी दोन मार्क दिले. खाली शेरा, 'अपुरे. सविस्तर लिही.'

तिने घडी घातली. दप्तर उचलून निघून गेली.

तासाभरात तिचे वडील ऑफिसात. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, चाकणची सेकंड शिफ्ट, नजर सारखी घड्याळाकडे.

"साहेब, दाखला देऊन टाका. लेकरू म्हणतंय, मला न्हाई जमत शाळा. गावाकडं आजीपाशी ऱ्हाईल."

क्लार्कने फॉर्म काढला.

बाईंनी मला बाहेर ओढलं. "काय लिहिलं होतं तिनं?"

सांगितलं.

"आणि तू?"

तेही सांगितलं. बाईंनी माझंच हजेरीपत्रक माझ्यासमोर उघडलं. शीतलची एकही गैरहजेरी नव्हती. आई सहा महिने पिंपरीच्या दवाखान्यात. सकाळचा स्वयंपाक, वडिलांचा डबा, धाकट्या भावाची तयारी, सगळं उरकून ही पोर रोज वेळेवर वर्गात. बाईंना माहीत होतं. वर्गशिक्षिका मी, आणि मला पत्ता नाही. रोज तिचं 'हजर' ऐकून नुसती टिक करत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, तुम्ही समजवा ना तिला. प्लीज."

"चूक तुझी. माफी मी मागू?"

आत क्लार्कने सहीसाठी फॉर्म वडिलांपुढे सरकवला होता.

शीतल नळापाशी उभी होती. मी म्हटलं, "शीतल, माझं चुकलं."

"मोठं काय लिहू मॅडम? रोज आले, एवढंच झालं."

"तेच सगळ्यात मोठं होतं गं. मला कळलं नाही."

तिने नळ घट्ट पिळला.

मग तिने विचारलं, "आठवीला तुम्हीच का?"

"नाही. साळवे बाई."

तिने माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं.

"मग येते."

लागलं मला. लागायलाच हवं होतं. शीतलने आत जाऊन सांगितलं. वडिलांनी फॉर्म तसाच टेबलावर सोडला आणि कंपनीची बस पकडायला धावले.

त्यानंतर दरवर्षी पानं लिहून घ्यायच्या दिवशी बाई माझ्या वर्गाच्या दारात यायच्या.

"पेन?"

मी दोन्ही रिकामे हात वर करायचे. मुलं हसायची. रिटायर झाल्यावर फोन यायचा, तोच एक शब्द.

परवा माझ्या वर्गाने पानं लिहिली. फोन आला नाही. शेवटी मीच लावला. बाईंच्या मुलाने उचलला. "आई आयसीयूत आहे."

मघाशी बाईंच्या घरी बसले असताना शीतलचा मेसेज आला. आकुर्डीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आज तिचा पेपर होता.

'पेपर सुटला मॅडम. मी येतेय.'

बाई, पेन घरीच ठेवलंय.

तुमची पोर येतेय. तिची हजेरी घ्या, आणि मग जा.