माणूस बघून दिलेलं उत्तर

सांगतो, पण आधी हातातला चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. मूर्खपणा माझा आणि ठसका तुम्हाला, हे काही बरं नाही. आणि हो, हसून झालं की जरा वाईटही वाटून घ्या. मला अजून वाटतं.

मी मूळचा वरूडचा. अमरावती जिल्हा, संत्र्यांचा मुलूख. पुण्यात येऊन सहा वर्षं झाली, धायरीत संदेश नावाच्या मित्राबरोबर खोली घेऊन राहतो. पुणं वाईट नाही हो! पण खरं सांगू? सहा वर्षांत एक सकाळ अशी गेली नाही, की डोळे उघडल्यावर आधी वरूड आठवलं नाही. बाबा गेल्यापासून घरी आई एकटी. भाजी अजून तिघांची करते, आणि उरली की फोनवर मलाच रागावते.

"बहार आला बाबू संत्र्याले," म्हणते. "वासानं जीव येडा होते. पण घर खायले उठते. तू कधी येतं?"

"येतो आई. तिकडं नोकरी तर लागू दे."

तिकडं माझ्या कामाची नोकरी निघत नव्हती आणि इथली कंपनी गाशा गुंडाळत होती. अशात हडपसरच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. शेतीचे पंप बनवतात. मुलाखत घेणार होत्या सहस्रबुद्धे मॅडम.

संदेशनं लगेच माझा ताबा घेतला. हा अकरा मुलाखती दिलेला, अनुभवी माणूस. अकरांतली एकही नोकरी त्याला लागली नव्हती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही!

"भावा, रूल एकच," तो म्हणाला. "कंपनी बघायची, समोरचा माणूस बघायचा आणि त्याला आवडेल तेच बोलायचं."

त्यानं मोबाइलवर मॅडमचं प्रोफाइल काढलं. आडनाव सहस्रबुद्धे. कॉलेज पुण्यातलं. फोटो कसबा पेठेतला, नथ घालून.

"बघ! अस्सल कसब्यातल्या! आता ऐक. तू बाहेरचा. यांना भीती काय, की हा शिकून-सवरून गावी पळणार. तेव्हा तू पुणेकरांपेक्षा जास्त पुणेकर व्हायचं."

आणि मी झालो! आठ दिवस तालीम केली. आरशाला अहो-जाहो केलं. कपाळाला एक बारीक आठी घालून "तितकंसं पटत नाही मला" म्हणायला शिकलो. एकदा तर चहा टपरीवाल्याला म्हणालो, "आपला चहा गरम होता, एवढंच म्हणेन." त्यानं पुढचे दोन दिवस मला चहा दिला नाही. संदेश म्हणाला, जमलं!

मुलाखतीचा दिवस उजाडला. मॅडम पन्नाशीच्या, चेहरा शांत. पंपांचे प्रश्न झाले, मोटर कशी जळते, शेतकरी चिडून फोन करतो तेव्हा काय बोलायचं, सगळं फटाफट सांगितलं. त्यात माझा कोणी हात धरू शकत नाही. मग त्यांनी माझा अर्ज उलटला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"अरे वा, इंजिनिअरिंग अमरावतीला केलंत?"

आता, शहाण्या माणसाला तो खुललेला चेहरा दिसला असता की नाही? मला संदेश दिसत होता.

"हो," मी आठी घातली. "नाइलाज होता."

"म्हणजे?"

"अहो, ऊन केवढं! मे महिन्यात तिकडे माणसं राहतात कशी, याचंच नवल वाटायचं मला."

हे कोण बोलतंय? जो मे महिन्यात आईच्या हातचं पन्हं आठवून पुण्यात उसासे टाकतो तो!

"आणि जेवणखाण?" मॅडमनी हळूच विचारलं.

"तिखट हो! पोह्यांवरसुद्धा तर्री ओततात. पोह्यांवर! आपलं साधं वरण-भात-तूप बरं." हे म्हणताना माझ्याच तोंडाला पाणी सुटलं होतं, ते मी गिळलं.

"माणसं तरी चांगली असतील?"

"असतील. पण वेळेचं भान नाही. पाच मिनिटं म्हणून गेलं तर जेवू घालूनच सोडतात. आपण काय रिकामे असतो का?"

मॅडम गप्प झाल्या. मला वाटलं, पुणेरी माणूस खूश झाला की गप्पच होतो. वा रे पठ्ठ्या, मी स्वतःलाच म्हटलं.

"शेवटचं विचारते," त्या म्हणाल्या. "समजा, कंपनीनं उद्या तुम्हाला तिकडेच नेमलं, तर?"

हाच तो सापळा! संदेशनं सांगितलेला! मी खुर्चीत ताठ झालो.

"पुणं सोडून? मॅडम, एक वेळ नोकरी सोडीन."

त्यांनी फाइल मिटली. चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला.

"आम्ही अमरावतीला शाखा उघडतोय," त्या म्हणाल्या. "तिथे राहायला आनंदानं तयार होईल असा माणूस मी तीन महिने शोधतेय. तुमचं कॉलेज बघून मला वाटलं, सापडला. माझं सासर कसब्यातलं. माहेर मोर्शीचं."

मोर्शी! अहो, वरूडहून एसटीनं तासाभराची वाट! मावशी राहते माझी तिथं!

लग्न झालं की बाईचं आडनाव बदलतं, हे मला माहीत नव्हतं का? माझ्या तिन्ही आत्यांचं बदललं. धाकटीच्या लग्नात तर नव्या आडनावाची पिशव्यांवर अक्षरं मीच रंगवली. पण सहस्रबुद्धे म्हटल्यावर ही बाई जन्मतःच सहस्रबुद्धे, नथीसकट, असंच धरून चाललो मी.

मग मात्र आठीबिठी सगळी गळून पडली.

"मॅडम, मी वरूडचा आहो! खरंच! मायी माय एकटी हाय तिथं. मले घरीच जायचं हाय, सहा वर्षं झाले मी हेच मागून राहिलो!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. क्षणभर वाटलं, त्याही आता आमच्याच बोलीत बोलतील. डोळ्यांत आलंच होतं तसं काहीतरी. पण कसब्यात पंचवीस वर्षं संसार केलेली बाई ती!

"असाल वरूडचे," त्या सावकाश म्हणाल्या. "तुमच्या तोंडून ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मलाही तिकडचं बोलणं ऐकून वर्ष झालं. पण मघाशी पंधरा मिनिटं ज्यानं आपल्याच गावाला नावं ठेवली, त्याला मी त्या गावी कुठल्या तोंडानं पाठवू? आपण या आता."

संदेशशी मी तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. नोकरी मिळाली होती! ग्राहकांच्या तक्रारींचा विभाग. खाली मॅडमनी स्वतः एक ओळ घातली होती: 'आपली पुण्याविषयीची निष्ठा लक्षात घेता आपली नेमणूक पुणे कार्यालयातच, बदली न होणाऱ्या जागेवर करण्यात येत आहे.'

अमरावतीला कोथरूडचा एक मुलगा गेला. रोज फोन करून मला सांगतो, इथे फार ऊन आहे हो. मी त्याची समजूत घालतो. तक्रारी ऐकायचाच तर पगार घेतो मी.

संध्याकाळी आईला फोन केला. ती आधी खूप हरखली, देवापुढं साखर ठेवते म्हणाली. मग तिला सगळी हकीकत सांगितली.

"बाबू," मग म्हणाली, "एवढं सारं बोलला तू त्या बाईसंगं. मले घरी जायचं हाय, हे पयलेच काऊन नाही सांगितलं?"

"आई," मी म्हटलं, "आठ दिवस तयारी केली. तेवढं एकच उत्तर पाठ करायचं राहिलं."