झाकणाची काच

रूपनारायण नदीच्या चिखलात चार वर्षं रुतून पडलेली लाँच अखेर साखळदंड लावून बाहेर ओढली आणि काठावरच मोडीत काढली. तिच्या केबिनच्या पाच काचा शाबूत निघाल्या. भंगारवाला इस्राफिल मोल्ला त्या हातगाडीवर घालून थेट शशधर सांतराच्या दुकानात आला. शशधरचा धंदा तसबिरी मढवण्याचा. शिवाय जुन्या काचा जोडून तो माशांच्या पेट्या करून विकायचा.

"घे शशधरदा, एवढी जाड काच हल्ली मिळते कुठं?" इस्राफिल म्हणाला, आणि लगेच त्यानं जीभ चावली. "तौबा! माझ्या ध्यानातच आलं नाही. नको असतील तर परत नेतो."

"राहू दे. उतरव."

त्याच लाँचमध्ये शशधरचा थोरला भाऊ निरापद गेला होता. त्या दिवशी चौकटींचं लाकूड आणायला पलीकडे जायची पाळी खरं तर शशधरची. पण टीव्हीवर फुटबॉलची मॅच होती, म्हणून त्यानं अंगात ताप असल्याचं सांगितलं. दादानं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, "पडून राहा," म्हणाला आणि छत्री घेऊन निघाला. परतताना वादळानं लाँच कलंडली. वरचे लोक पोहून आले. केबिनमधलं कुणी आलं नाही. तिथल्या खिडक्या उघडतील अशा नव्हत्याच.

शशधरनं राख आणि चिंचेनं काचा घासल्या. एकीवर आतल्या बाजूनं ओरखडे होते. काढताना पहार लागली असेल, असं त्यानं स्वतःला बजावलं. काच कापायच्या हिरकणीनं दोन काचा आखूड कापल्या, तळाला एका बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानातली काच घेतली, सांध्यांत सिलिकॉन भरून बाजूंना विटा टेकवल्या आणि आठवडाभर हात लावला नाही. पाचवी काच झाकणाला ठेवली.

"अहो, ही पेटी घेणार कोण?" त्याची बायको चपला दारातूनच म्हणाली. पेटी ठेवलेल्या, दुकानामागच्या त्या खोलीत ती पाऊल टाकत नव्हती.

"विकायची नाही."

"मग डोळ्यांसमोर ठेवून काय करणार? रडणार?"

त्यानं बादली उचलली. पाणी भरलं. ते काचेवर चढत गेलं. सांध्यातून थेंबही गळला नाही.

रंगीत मासे तीन दिवसांत मेले. मग त्यानं बाजारातून पाच जिवंत कोई मासे आणून सोडले. कोई चिवट; पाण्याबाहेरही कल्ल्यांवर रेटत चालतो. म्हणून झाकण लावणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला बसला आणि आवाज आला. ठक. मग ठक ठक. मासा उसळून झाकणावर आपटतोय, हे त्याला कळत होतं. तरी हातातला घास ताटात पडला. मग रोज तेच. गिऱ्हाईक समोर असताना, काच कापताना, आंघोळीला बसला असतानाही. तो कानांत कापूस घालू लागला. कापसाआडूनही ठोकणं ऐकू येई, आणि आता ते मोजून, थांबून थांबून येई.

शेवटी चपलानं थोरल्या जावेला, निरापदच्या विधवेला सरमाला, बोलावून आणलं. भाद्रपदाची झड लागली होती. सरमा ओल्या पदरानं पेटीपुढे बसली, त्या ओरखड्यांवरून तिनं बोट फिरवलं. शशधरला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. ती तशीच बोट फिरवत राहिली, तेव्हा त्याच्याच तोंडून निघून गेलं, "बौदी, त्या दिवशी मला ताप नव्हता."

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. निघताना हसत म्हणाले, शशीला मॅच बघायचीय, बघू दे." ती त्याच्याकडे वळली. "चार वर्षं मी वाट बघतेय, तू कधी तोंड उघडतोस."

त्यानं तिचे पाय धरले. तिनं पाय मागे घेतले.

"माफी मागू नकोस, शशी. ती द्यायला मला अजून जमत नाही."

एवढ्यात झाकणावर ठक असा आवाज झाला. सरमा दचकून उठली. "आधी ते काढ! काढ ते वरचं!"

दोघांनी मिळून झाकण उतरवलं. थोड्याच वेळात एक कोई उसळून फरशीवर पडला, मग दुसरा. शेपटी आपटत, कल्ले रोवत ते उंबरा ओलांडून ओल्या अंगणातून पलीकडच्या तळ्याकडे सरकत गेले. चपला झाडू घेऊन धावली, तशी सरमानं तिचा हात धरला. चार गेले. पाचवा तळाशी बसून राहिला.

जाताना सरमानं झाकणाची काच जुन्या साडीत गुंडाळून काखेत घेतली. त्या काचेचं तिनं काय केलं, हे विचारायची शशधरची हिंमत झाली नाही. पेटी अजून त्याच खोलीत आहे. तो पाचव्या माशाला रोज दाणे टाकतो. वर झाकण नाही, तरी मासा बाहेर येत नाही. ओरखड्यांच्या काचेला तोंड लावून असतो.