रिकामा पाळणा

पाळणा छान हलत होता आणि त्याच्या जवळ कुणी फिरकत नव्हतं. ट्रायलसाठी बोलावलेल्या बचत गटाच्या बायका दालनाच्या दुसऱ्या टोकाला, शाहीनच्या पाट्याभोवती गोळा झाल्या होत्या. मी रिमोट हातात धरून हसरा चेहरा करून उभा होतो.

राळेगावकडच्या एका ट्रस्टनं जुन्या घरगुती वस्तूंचं संग्रहालय उभारलं, त्यातलं हे पहिलं दालन. वस्तू काचेत ठेवायच्या नाहीत. लोकांनी हात लावला की वस्तूनंच आपली गोष्ट सांगायची, अशी कल्पना. आमच्या धंद्यात याला इंटरॅक्टिव्ह इन्स्टॉलेशन म्हणतात. नाव मोठं, प्रकार साधा. वस्तूत हालचाल ओळखणारा बारीकसा सेन्सर लपवायचा. वस्तू हलली की तो कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटर प्रोजेक्टरमधून चित्रं व स्पीकरमधून आवाज सोडतो.

मी यवतमाळचा. दुर्गोत्सवाचे हलते देखावे करता करता या कामात आलो. शाहीन पांढरकवड्याची, पॉलिटेक्निकला माझ्याच वर्गात. तेव्हाही सर तिचाच सर्किट बोर्ड उचलून वर्गाला दाखवायचे. वय वाढलं की असलं काही मनात राहत नाही म्हणतात. माझ्या राहिलं.

संचालक वानखडे सरांनी आम्हाला एकेक वस्तू दिली होती. मला लाकडी पाळणा, तिला पाटा-वरवंटा. ज्याच्या वस्तूपाशी लोक रमतील त्याला वरच्या मजल्याचं अख्खं दालन, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं. ते दालन मला हवं होतं. तिला मिळू नये, हेही तितकंच हवं होतं.

माझं काम काही वाईट नव्हतं. दोरी ओढून झोका दिला की अंगाई सुरू व्हायची आणि भिंतीवर सावल्या चालायच्या. कापूस वेचायला निघालेली आई, बैलबंडी, बंडीमागं धावणारा कुत्रा. पण तिचा पाटा! वरवंटा ओढला की दगडावर मिरच्या, लसूण, जवस पडल्यासारखे दिसायचे, आणि लग्नघरी गावभरचे पाटे कसे मागून आणायचे ते एक म्हातारी सांगायची. सेन्सर ठेवला होता थेट वरवंट्याच्या पोटात. वडिलांच्या गॅरेजमधल्या ड्रिलनं दगडाला भोक पाडून लाखेनं बुजवलेलं. बोट फिरवलं तरी कळत नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बायका आधी माझ्याकडेच आल्या होत्या. नक्षी चाचपली, लाकूड सागाचं का म्हणून विचारलं. दोरीला मात्र कुणी हात लावला नाही. लाजत असतील, असं मी धरून चाललो. तेवढ्यात पलीकडून म्हातारीचा आवाज आला आणि सगळ्या तिकडे गेल्या. मग मला राहवलं नाही. देखाव्याची एक मोटर मी पाळण्याच्या कडीला जोडून ठेवली होती, ती रिमोटनं सुरू केली. पाळणा आपोआप हलायला लागला. जवळ रेंगाळलेल्या दोघीही मागं सरकल्या.

सर आले, पाळण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, आवाज थोडा वाढवतो.

गटातल्या सगळ्यात वडील शेवंताबाई. त्या पाट्यापासून उठून माझ्याकडे आल्या.

"भाऊ, तो पाळणा पह्यले थांबवा. रिकामा पाळणा हालवू नाही. लेकराचं पोट दुखते."

"इथं लेकरू कुठं आहे, मावशी?"

"कोनाच्याबी लेकराचं दुखते."

मी मोटर बंद केली. याच गोष्टीपायी लहानपणी आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता. शाहीनच्या पाट्याकडे बघण्यात इतका गुंतलो की स्वतःचा धपाटा विसरलो. बाळ कुणाचं ते माहीत नाही, पोट मात्र माझंच दुखत होतं.

शाहीन हसली नाही. हसली असती तर मला निदान चिडता आलं असतं.

मी सरांना म्हणालो, बाजारातून बाहुली आणतो. शेवंताबाईंना ते पटलं नाही. "बाहुली कायले? बारशाले आपन काय ठेवतो?" असं म्हणत त्या पाट्यापाशी गेल्या, शाहीनचा वरवंटा उचलला, एका फडक्यात गुंडाळला आणि पाळण्यात निजवला. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात जातो. बाळ दगडासारखं धडधाकट व्हावं म्हणून. हेही मला माहीत होतं.

त्यांनी दोरी ओढली. अंगाई लागली, भिंतीवर आई शेताला निघाली आणि सगळ्या बायका माझ्याकडे आल्या. खरं सांगतो, पाळणा चालला याच्यापेक्षा तिचा पाटा ओकाबोका पडला याचा आनंद मला जास्त झाला.

तो आनंद झोका परत येईपर्यंतच टिकला. कोपऱ्यातून म्हातारी बोलायला लागली. पाट्यावर मिरच्या पडत होत्या.

"सेन्सर वरवंट्यात आहे, दिलीप," शाहीन म्हणाली. "पाळणा हालला का तो हालतेच."

बंद कर, असं मी जरा जोरातच म्हणालो. ती खरंच लॅपटॉपकडे निघाली होती. दोरी न सोडता शेवंताबाई म्हणाल्या, "राहू द्या ना बाई. माय चटणी वाटून राह्यली अन् लेकरू पाळण्यात हाय. घरी असंच असते."

बायका बराच वेळ हलल्या नाहीत. एकीनं दोरी घेतली, मग दुसरीनं. सरांनी तिथंच निर्णय दिला: दोन्ही वस्तू एकच समजायच्या, आणि वरचं दालन दोघांनी मिळून करायचं.

उद्घाटन झालं. फलकावर दोघांची नावं आहेत, तिचं वर. मी मोटर काढून घरी आणली. या कामातून धंद्यापुरता धडा एवढाच घेतला की कुठलीही वस्तू हलवण्याआधी ती कधी हलवत नाहीत ते विचारून घ्यावं.

शाहीन आता नागपूरला असते, म्हणून देखभाल माझ्याकडे आली आहे. वरवंट्यातला सेल संपला की फोन मला येतो. मी जातो, लाख काढतो, सेल बदलतो, पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवतो. पाळणा माझा आहे. त्यातलं बाळ तिचं आहे, आणि येणारा प्रत्येक माणूस आधी बाळच बघतो.